पन्हाळा नापास

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी हट्टाला पेटले. जावाच्या तासाला सर म्हणाले, व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्राममधल्या माहितीच्या खणांची, नावं इंग्रजीतच द्यायची. मी म्हणाले, "सर, पुस्तकात युनिकोड चालतं असं लिहिलंय. म्हणजे मराठी अक्षरंही."

"मग प्रोजेक्ट त्याच्यावरच कर की!"

झालं. दिलेलं नाव व्हेरिएबलला चालेल की नाही, हे सांगणारा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला. तोंडी परीक्षेत आपटले असते तर वर्ष गेलं असतं, आणि पुण्यातली ठरत आलेली नोकरीही.

तपासायला मराठी नावं हवी होती. शाहूपुरीत वडिलांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका टाईप करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून त्यांनी गावांची दोनशे नावं टाईप केली आणि फॉन्टसकट फ्लॉपी हातात दिली. "एक चूक सापडायची न्हाय," म्हणाले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी कॉलेजात प्रोग्राम चालवला. उचगाव पास. पन्हाळा नापास. नियम सरळ होता: सुरुवात अक्षरानं हवी, आकड्यानं नको, मध्ये जागा किंवा स्वल्पविरामासारखं चिन्ह नको. पन्हाळ्यात कुठलं आलंय चिन्ह? तासभर कोड उलटापालटा केला, मैत्रिणीवर उगाच खेकसले. शेवटी एकेका अक्षराचा क्रमांक छापून पाहिला. सगळी इंग्रजी अक्षरं, नि पन्हाळ्यात मध्येच एक चिन्ह. वडिलांचा फॉन्ट त्यांनाच मराठी चेहरा चढवत होता. कॉम्प्युटरच्या लेखी त्या यादीत मराठी नव्हतंच.

खरी मराठी अक्षरं उमटवणारा युनिकोडचा कीबोर्ड मला नवा. चाचपडत अकरा नावं टाईप झाली. अकराच का, असं विचारलं तर काय सांगू, याचीच धास्ती होती.

परीक्षकांनी तसलं काही विचारलंच नाही. मी पास झाले.

तडक दुकानात गेले. वडिलांनी मान वर न करता विचारलं, "चालली का गं माझी नावं?"

खरं सांगायला तोंड उघडलं. समोर पडद्यावर त्यांनी जुळवलेली पत्रिका होती, नेहमीसारखी देखणी.

"चालली की. सगळी."

ते बाकावरच्या गिऱ्हाइकाकडे वळले. "ऐकलं का पावणं? दोनशे नावं, एका दमात पास!"

मला तिथं उभं राहवेना. पुण्याला जाईपर्यंत मी त्या दुकानाकडं फिरकले नाही.