काजळीचा पान्हा

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले आणि काजळी म्हशीच्या कासेखाली मी बादली धरून बसलेला. बादलीत दूध पावशेर. ही म्हैस एका वेळेला सहा लिटर देते. मागं सुभेदार हाताची घडी घालून उभे.

"तात्या, क्या हुआ?"

"चोरतीय," मी म्हणालो. "दूध वर चढवलंय अवदसेनं."

सुभेदार म्हणजे गोठ्याचे मालक. फौजेतून पेन्शनीवर आले आणि उंब्रजजवळ, हायवे सोडून जरा आत, सव्वीस म्हशींचा गोठा घातला. मी तिथला मुकादम. माझं शिक्षण तिसरी. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी धरून मोडली आणि परत शाळेची पायरी चढलो नाही. पण जनावरात पन्नास वर्षं काढली. अमुक म्हैस कधी विणार, हे मी चालीवरून सांगतो. सुभेदारांनी मला ठेवलं ते मात्र माझ्या जरबेसाठी. मी दारात येऊन एकदा खाकरलो की सव्वीसच्या सव्वीस म्हशी चिडीचूप. पाहुणे आले की सुभेदार हे मुद्दाम दाखवायचे. "तात्या, जरा खाकरा," म्हणायचे. मी खाकरायचो. "बघा, परेड हाय आमच्याकडं." पाहुणे तोंडात बोट घालायचे आणि मी मिशीला हात लावायचो.

आता पान्हा म्हणजे काय ते सांगतो, कारण शहरातल्या माणसाला वाटतं, सड ओढला की दूध येतं. ती नळाची तोटी नव्हे. दूध वर कासेत अडकलेलं असतं. जनावराच्या मनात आलं की ते खाली उतरतं आणि सड टरारून फुगतात. ह्याला म्हणायचं पान्हा. रेडकानं दोन ढुसण्या दिल्या की म्हैस पान्हवते. आमच्याकडं मशीन आहे, पण मशीन फक्त ओढतं. पान्हा मशीनला आणता येत नाही. काजळीचं रेडकू पंधराव्या दिवशी मेलं. त्यानंतर तिनं मशीन लावून घेतलं नाही आणि कुणा गड्याला हात लावू दिला नाही. एकट्या शेवंताक्कालाच ती दूध द्यायची. शेवंताक्का आमच्या गोठ्यातली एकुलती बाई, साठीच्या आसपासची. त्या दिवशी दुपारी ती शेणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. तिला कराडला दवाखान्यात नेलं आणि काजळी आली माझ्या वाट्याला.

"उद्या सकाळी देईल," मी म्हणालो. "न देऊन जाती कुठं?"

सकाळी मी तिचे मागचे पाय दोरीनं बांधले. दावणीला मुंडकं आवळलं. काठी दाखवली. नीट उभी राहा म्हणून ओरडलो. दूध अर्धा पावशेर.

दूध कासेत राहिलं की कास दगडासारखी होते, म्हणून त्या रोगाला आम्ही दगडी म्हणतो. एकदा सड गेला की गेला. तसली म्हैस दुधासाठी कुणी विकत घेत नाही. कोण घेतं ते मी लिहीत नाही.

सुभेदारांनी कासेला हात लावून पाहिला. "तात्या, परवा शनिवार. व्यापाऱ्याची गाडी यायची हाय. तोवर जमवा, न्हाईतर चढवू हिला."

"मी असताना माझ्या गोठ्यातली म्हैस गाडीत?"

"मग दूध काढा की."

ते गेले. बाळू म्हणून आमच्यात एक चाळिशीचा धार काढणारा आहे, तोंडानं लय वाईट. तो म्हणाला, "तात्या, एक विलाज हाय. पण तुमच्यानं व्हायचा न्हाई."

मला ठाऊक होतं तो काय म्हणतोय. बाईच्या हाताची सवय झालेली म्हैस गड्याला दूध देत नाही. मग गडी बाईचं लुगडं नेसून बसतो. आमच्या भागात जुन्या लोकांनी हे केलेलं आहे. मी अशा लोकांना आयुष्यभर हसलो. आमच्या भावकीतल्या एकाला तर मी लग्नाच्या मांडवात वहिनी म्हणून हाक मारली होती.

"आण लुगडं," मी म्हणालो.

बाळूनं अक्काच्या घरून दोरीवर वाळत घातलेलं पातळ आणलं, हिरवं, धुतलेलं. मी धोतराच्या वरनंच गुंडाळलं. बाळू धरून गोठ्यातले तिघेही गडी दारात येऊन उभे.

"तात्या, पदर सावरा, सासरा बघतुय!"

"आवं, हळदीकुंकवाला बोलवा की!"

"व्हय रं," मी म्हणालो. "तुझ्या आईला सांग, ओटी भरायला येतो."

आत गेलो. काजळीनं मान वळवून पाहिलं. बादली मांडली. गुडघे मोडून बसलो. आणि बसता बसता, पन्नास वर्षांची सवय, खाकरलो.

लाथ अशी आली की बादली भिंतीला आणि मी शेणात. पदरासकट.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारी, मागचा डावा सड गरम लागला. सुभेदारांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. साताऱ्याच्या, वय तिशीचं, स्कूटीवर आल्या. मी मनात म्हटलं, माझ्या हातावर व्यालेल्या म्हशी मोजल्या तर हिच्या वयाच्या दिवसांइतक्या भरतील. त्यांनी कास दाबून पाहिली, ताप पाहिला आणि सगळं विचारून घेतलं. लाथेचं सुद्धा. बाळूनं ते रंगवून सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"तात्या, रोज येता तसे जरा बाहेरून आत या बघू."

मला राग आला. पण गेलो, दारात आलो, खाकरलो. गोठा चिडीचूप.

"ह्याला म्हणत्यात शिस्त," मी म्हणालो.

"आता परत जा. थोड्या वेळानं मागच्या दारानं या, आवाज न करता. माझ्याजवळ उभे राहा आणि फक्त त्यांच्या तोंडाकडं बघा."

बाहेर कडब्याच्या गंजीपाशी बसलो. पाव तासानं मागनं आलो. म्हशी निवांत झाल्या होत्या. सव्वीस जबडे हलत होते, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. रवंथ म्हणजे पोटातलं परत तोंडात आणून चावणं. सगळा गोठा गिरणीसारखा बारीक घरघरत होता.

"आता खाकरा," त्या हळूच म्हणाल्या.

मी खाकरलो.

जबडे थांबले. सव्वीसच्या सव्वीस, एका क्षणात, वीज गेल्यावर गिरणी थांबते तसे. कोपऱ्यातल्या म्हशीचा घास गालात तसाच फुगून राहिला. कान माझ्याकडं. काजळीच्या कातडीवरून एक शिरशिरी खांद्यापासून शेपटापर्यंत गेली. कुणी हंबरलं नाही. कुणी हललं नाही.

पन्नास वर्षं मी खाकरतोय आणि पन्नास वर्षं हे असंच थांबत असणार. मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण खाकरताना माझी मान वर असायची.

"भ्यालेलं जनावर रवंथ करत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि पान्हवतही नाही. ती चोरत नाही, तात्या. तिच्या हातातच नाही ते."

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. त्यांनी इंग्रजी नावं सांगितली, ती माझ्या जिभेवर बसत नाहीत. जनावराला बरं वाटलं, ओळखीचा हात लागला, की डोक्यातून एक पाणी रक्तात सुटतं. मी त्याला मायेचं पाणी म्हणतो. ते कासेपर्यंत पोचलं की दूध उतरतं. आणि भीती वाटली की दुसरं पाणी सुटतं, भ्याचं. ते पहिल्याची वाट अडवतं. मग तुम्ही पाय बांधा, काठी दाखवा, तुम्ही भ्याचं पाणीच वाढवत असता.

"बाळंतिणीचं पण असंच असतं," त्या म्हणाल्या. "घरात भांडण झालं की बाळाला दूध उतरत नाही."

"म्हंजे ह्ये बायकांचं, मादीचं."

"ते पाणी पुरुषातही असतं."

"गडीमाणसात?"

"हो. नातवंड मांडीवर बसलं की तुमच्यात पण सुटतं."

सुभेदार माझ्याकडं बघायला लागले. मी कासेकडं बघायला लागलो. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या वेळी हात जोडावे वाटले. कुणाला ते कळेना. म्हशीत, बाळंतिणीत आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यात एकच पाणी!

त्यांनी त्या मायेच्या पाण्याचंच एक इंजेक्शन देऊन तेवढ्यापुरती कास मोकळी केली आणि सडाला औषध दिलं. सुभेदार म्हणाले, "ह्येच रोज टोचू की."

"नाही. त्याची सवय लागली की तिला आपणहून दूध सोडताच येणार नाही. आणि ते कायद्यातही बसत नाही. आज संध्याकाळी हातानं निघालं तर म्हैस वाचली. मनगट मोडलेल्या बाईंना विचारा, त्या काय करत होत्या."

मुकादमानं हाताखालच्या बाईला विचारायचं. मी दुपारच्या एसटीनं कराडला गेलो.

अक्का खाटेवर बसून होती, हात गळ्यात. मला बघून उठायला लागली.

"बस गं. काजळी दूध देत न्हाई. उद्या गाडी हाय. तू काय करतीस सांग."

"म्या काय करती? काय न्हाई ओ."

"तुझं लुगडं सुदिक नेसून झालं."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती हसायला लागली ती थांबेना. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. डोळे पुसत अक्का म्हणाली, "आवं तात्या, लुगडं कशाला? धारंला बसताना मी वरनं ह्यांचा जुना शर्ट घालती. त्यो गोठ्यातच खुंटीला आस्तुय. तुमी रोज बघतायसा की!"

ह्यांचा म्हणजे तिच्या वारलेल्या नवऱ्याचा. मी खरंच रोज बघत होतो. एका बाईच्या अंगावर गड्याचा शर्ट आणि माझ्या डोक्यात मात्र लुगडं.

"आनि?"

ती गळ्यातली पट्टी चाचपायला लागली. "ऱ्हाऊ द्या. तुमास्नी राग येईल."

"म्हैस जाईल अक्का."

"तुमी च्याला गेल्याबिगर मी तिच्याजवळ बसत न्हाई," ती खाली बघत म्हणाली. "तुमी गेलासा की पाठीवर हात फिरवती आनि सांगती, 'गेला बघ म्हातारा. सोड आता.' मग सोडती ती."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? उंब्रज येईपर्यंत होता. एसटीतून उतरताना तो मागं सीटवरच राहिला असावा.

संध्याकाळी मी तिन्ही गड्यांना बाहेर काढलं. बाळूला तेवढा दारात बसवला, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. खुंटीवरचा शर्ट घातला. निळा, चौकड्यांचा, कोपरावर फाटलेला, शेणाचा आणि घामाचा वास. मला पोटावर बटण लागेना. काठी बाहेर ठेवली. पायांची दोरी काढली. ती काढताना काजळी थरथरली. शर्टाची बाही तिनं हुंगली, लांब श्वास घेऊन, दोनदा.

बसलो. घशात खवखव सुटली. तंबाखूचा घसा, तो वेळ बघून सुटतोच. गिळली. परत आली, परत गिळली. डोळ्यांतून पाणी आलं. पाठीवर हात फिरवत राहिलो. काही होईना. सड मऊ, रिकामे.

मग मी तिच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि सांगितलं, "गेला बघ म्हातारा. सोड आता."

मिनिटभर काही नाही. मग वर कुठंतरी जबडा हलायला लागला. आणि हाताखाली सड भरत आले, आपणहून, आतून, कोमट. मी पन्नास वर्षांत हजारो वेळा पान्हा हाताळला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा तो येताना कळला. मी बोटं नुसती धरून बसलो, ओढायचं विसरलो.

"तात्या," बाळू दारातनं कुजबुजला, "रडतायसा व्हय?"

"खोकला दाबतोय रं, मुडद्या."

पाच लिटर निघालं. गरम सडातलं वेगळं काढून टाकलं. सुभेदारांनी बादली बघितली, व्यापाऱ्याला फोन लावला आणि गाडी नको म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "शाब्बास तात्या. जरब ती जरब." मी शर्ट काढून परत खुंटीला अडकवला. फौजेतल्या माणसाला एका दिवसात किती समजावणार?

नव्यानं गोठा घालणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जनावर गप उभं आहे म्हणून खूष होऊ नका. आधी जबडा बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यापासून दोन शेतं अलीकडं, उसाच्या बांधावर थांबलो. तिथं मनसोक्त खाकरून घेतलं. काठी बांधातच रोवली आणि चपला हातात घेऊन मागच्या दारानं आत गेलो.