दाबाची वाटणी

लग्न झालं तेव्हा माझा बीएस्सीचा एकच पेपर राहिला होता, भौतिक रसायनाचा. तो निघाला तर पदवी, मग बीएड, मग शाळेत नोकरी. नाही तर सगळंच मुसळ केरात. सणसरला सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, स्पष्टच सांगितलं होतं, "एकदा बस परीक्षेला. न्हाय जमलं तर इषय सोड."

माझं घोडं अडायचं वायूंच्या समतोलात. एका भांड्यात तीन वायू, एकूण दाब दिलेला. प्रत्येकाच्या वाट्याचा, म्हणजे आंशिक, दाब काढून त्यावरून केपी, म्हणजे समतोलाचा स्थिरांक, काढायचा. मी आपली दाबाचे तीन सारखे भाग करायची. पहिल्या उदाहरणात एक मोल, म्हणजे ठरावीक मापाचा, पीसीएल-फाइव्ह निम्मा फुटून त्यातून आणखी दोन वायू निघालेले, तिन्ही वायू अर्धा-अर्धा मोल, एकूण दाब तीन. उत्तर एक, माझंही एक. झालं, मी शेफारले. पुढच्या गणितात तो वीसच टक्के फुटला, दाब तोच, आणि पुस्तकाचं उत्तर ०.१२५. माझं पुन्हा एकच! मी पुस्तक छापणाऱ्याचा उद्धार केला.

एकदा मी भाकरी थापत असताना ओसरीवर धाकटे चुलत सासरे विहिरीच्या पाळीवरून तणतणत होते, "आमी तिघं भाऊ, तर पाणी सारखं पायजे."

"पाणी भावाला न्हाय, रानाला द्यायचंय," मामा म्हणाले. "ज्याचं जेवढं रान, तेवढी त्याची पाळी."

माझी भाकरी करपली. माहेरी कोऱ्हाळ्याला वडील आणि चुलत्यांचं रान सारखं, म्हणून पाळ्याही सारख्या. वाटणी म्हटली की सारखीच, हे माझ्या डोक्यात तिथूनच बसलेलं. मी वायूंची डोकी मोजत होते, मोल नाही! न फुटलेला ०.८, बाकीचे दोघं ०.२, एकूण १.२. म्हणजे तीनपैकी दोन दाब एकाचा, दोघांचा अर्धा-अर्धा. फुटून निघालेल्या दोघांचा गुणाकार, भागिले न फुटलेला: अर्धा गुणिले अर्धा, भागिले दोन. ०.१२५. चुलीपुढं मी एकटीच हसत सुटले.

बारामतीत पेपर दिला. निकाल मोबाइलवर दिसला तशी मी उसाकडं पळाले.

"सुटला पेपर, मामा."

ते खोरं टेकवून उभे राहिले. "मग आता बीएड. म्हंजी रोज बारामतीला जावं लागंल?"

"व्हय."

"मग सकाळच्या गाडीनं जात जा. स्वयपाकाचं आमी बघतो."

मी बांधावर बसून हमसून हमसून रडले, आणि ते बिचारे घाबरून विचारत राहिले, "आता काय झालं?"