न चढलेल्या जिन्याचे मार्क

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. लहानपणी तापात सुई दिली, तेव्हापासून डावा पाय लुळा. तरी तेलंगणातल्या बोथजवळच्या आमच्या गावातून रोज बस धरून मी बीएस्सीला गेलो. कुबडी घेऊन चढताना कोणाचा हात धरला नाही. पुढे शाळेत विज्ञान शिकवायचं, हे ठरलेलं होतं.

केमिस्ट्रीची लॅब दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी जिन्यात अडवलं. सर आमच्याच भागातले, मराठी बोलणारे.

"काऊन चढून राह्यला रे? पडला-गिडला तर मलेच निस्तरा लागन. खाली बस, हजेरी मी लावतो."

"पण सर, प्रयोग?"

"दोस्ताच्या वहीतून उतरून घे. तुले कोन नापास करून राह्यलं?"

मी बसलो. चुकलं ते इथंच. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "देवमानूस हाय तो. उलटून बोलू नको."

सर वाईट नव्हते, हीच अडचण होती. चहा पाजायचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून पोरांना म्हणायचे, "याच्याकडून शिका रे." काय शिका, ते कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्या दिवशी मी तासभर आधी निघालो आणि पायरी-पायरीवर बसत वर पोचलो. सर दारातच होते.

"अरे, तुझं झालं ना सगळं!"

परीक्षकांनी टायट्रेशन दिलं. ब्युरेट म्हणजे नळ असलेली काचेची लांब नळी. तिच्यातून आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं. वहीत तिचं चित्र कितीदा काढलं होतं, हातात पहिल्यांदा आली. नळ फिरवला आणि सगळं भस्सकन खाली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सरांनी धावत येऊन टेबल पुसलं, परीक्षकांना तेलुगूत हळूच काही सांगितलं. परीक्षकांनी माझ्या पायाकडे पाहून मान हलवली.

"सर, परत करू द्या. जमेल मला."

"झालं बाप्पा," सर म्हणाले. "बस, दमला असशीन."

वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले. बाबांनी गावभर पेढे वाटले. खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या जागेचा अर्ज मी आणून ठेवलाय, पण अजून भरलेला नाही. भरला तर जागा मिळेल. मग एखादं पोरगं म्हणेल, सर, करून दाखवा.