आंबटाचं पथ्य

ताईची जीभ काढायची हे ठरल्यावर मी जपानला गेले. हे वाक्य कसंही लिहिलं तरी वाईटच दिसतं, म्हणून आधीच लिहून टाकते. तिकिटं कधीची काढून ठेवलेली, मुलगी ओसाकात नोकरीला, तिचं पहिलं बिऱ्हाड बघायचं होतं. आणि ऑपरेशन मी परतल्यानंतर तीन दिवसांनी होतं. जा म्हणून ताईच मागं लागली. इथं बसून तू माझ्या तोंडाकडे पाहून रडशील, त्यापेक्षा पोरीकडे जाऊन ये, असं तिचं म्हणणं. तिचं खरं होतं. तरी गेले ती गेलेच.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. ती अमरावतीत, मी अकोल्यात. माहेरी आमचा भाजीचा मळा, तिच्या सासरीही तेच. मला शिकायला मिळालं आणि मी शिक्षिका झाले. ती चौथीनंतर मळ्यात गेली आणि पुढं चाळीस वर्षं भाजीबाजारात बसली. पहाटे माल उतरायच्या वेळी झोप उडावी म्हणून तंबाखूचं मंजन दातांना घासायची सवय तिला तिथंच लागली. जिभेच्या डाव्या कडेला फोड आला तो तिनं वर्षभर कुणाला दाखवला नाही. दाखवला तोवर डॉक्टरांकडं फार काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं. जिभेचा बराचसा भाग जाईल, बोलणं जवळजवळ जाईल, जेवण नळीनं, एवढं त्यांनी सांगितलं.

ही जीभ काय होती ते सांगायला हवं. ताई काकडीचं टोक कापायची, त्याच चकतीनं घासून पांढरा फेस काढायची आणि एक तुकडा आधी स्वतःच्या तोंडात टाकायची. कडू निघाली तर ती टोपली बाजूला. तेल्हाऱ्याकडच्या खारपाणातली, खाऱ्या पाण्यावरची काकडी ती एका घासात ओळखायची, गोड्या विहिरीवरची वेगळी सांगायची, आणि व्यापाऱ्याशी त्यावरून भांडायची. व्यापारी तिला हात जोडायचे. तिच्याकडची काकडी गिऱ्हाईक घरी जाऊन चाखत नसे, थेट कोशिंबिरीत घालत असे.

ओसाकात मुलीनं मला सुशी शिकवणाऱ्या एका वर्गात घातलं. नुसतं देवळं बघत फिरण्यापेक्षा हातानं काही कर, म्हणजे तुझं डोकं थोडं थांबेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या मजल्यावरचं लहानसं स्वयंपाकघर, आम्ही सहा-सात परदेशी बाया-बाप्ये, सगळ्यांना निळे ॲप्रन, आणि शिकवायला सत्तरीची एक ठेंगणी बाई. ती बोलायची, मुलगी माझ्या कानाशी मराठीत सांगायची. मासा मला चालत नाही म्हटल्यावर बाईंनी माझ्यापुढं काकडी, गाजर आणि तीळ ठेवले. काकडी हातात आली तसं मी टोक कापलं आणि घासायला लागले. फेस आला. मग एक तुकडा तोंडात टाकला. बाई बघत राहिल्या. त्यांच्या इथं कडू काकडी निघतच नसावी.

खरी मेख भातात होती. भात गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं पाणी घालायचं, एका हातानं पंख्यानं वारा घालायचा आणि दुसऱ्या हातानं लाकडी चमचा आडवा फिरवत भात मोकळा करायचा. मी सवयीनं तो दहीभातासारखा रगडायला लागले तेव्हा बाईंनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला. नंतर भाताची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. खा म्हणाल्या. आधी आंबट लागलं, मागून गोड आलं, आणि तोंडाला असं पाणी सुटलं की मला चटकन ताई आठवली.

आम्ही तिथूनच तिला व्हिडिओ कॉल लावला. अमरावतीत सकाळचे आठ वाजत होते. ताई पलंगावर बसलेली, तोंडावर पदर धरलेला, कारण डावा गाल सुजला होता. मी तिला बांबूची लहान चटई दाखवली, तिच्यावर शेवाळाचा काळा कागद, त्यावर भात, मधे काकडी, आणि सगळं गुंडाळून कसं कापायचं ते दाखवलं. ती बारकाईनं बघत होती. मग तिनं एकच विचारलं, चव कशी आहे. मी आंबट-गोड म्हणाले.

पदराआडून तिनं आवंढा गिळला. गिळताना दुखलं ते मला दिसलं. "मले हेच पायजे," ती म्हणाली. "तीन महिने झाले वं, यायनं मले आंबट तोंडी लावू नाई देल्लं. आपरेशनच्या आंधी एकडाव आंबट खाऊ घाल. मंग नेऊ दे जीभ."

मी हो म्हणाले. माझी मुलगी साक्षीला होती.

आंबट का बंद होतं ते कुठल्याही मराठी घरात सांगायची गरज नाही. आंबटानं जखम चिघळते. टाके पडले की लिंबू बंद, बाळंतिणीला ताक बंद, गुडघा फुटला की चिंच बंद. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. ताईच्या सुनेनं फोड कळल्या दिवसापासून घरातली चिंच डब्यात बंद करून वरच्या फळीवर ठेवली होती. ती जिवापाड करणारी पोरगी, तिच्यावर मी काही ढकलणार नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सामान घेऊन अमरावतीला गेले. पिशवीत चटई, कागदांचं पाकीट, दोन किलो जपानी तांदूळ आणि व्हिनेगरची बाटली होती. काकड्या ताईनं स्वतः निवडून ठेवल्या होत्या. वेणीफणी करून, धुतलेलं पातळ नेसून ती बाहेरच्या खोलीत पलंगावर बसली होती.

आत भात झाला. मी बाटली उघडली, सुनेनं वास घेतला आणि तिचा चेहराच बदलला. हे तर चिंचेच्याही वर आहे, असं म्हणाली. परवा ऑपरेशन, आणि उद्या जखम चिघळून डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली तर, मावशी? मी तिथंच थबकले. मी आठवीला विज्ञान शिकवते. आम्ल आणि आम्लारी, लिटमसचा निळा कागद तांबडा होतो, हे सगळं फळ्यावर लिहिते. त्या बाटलीत काय आहे आणि ते जखमेला काय करतं, काय करत नाही, हे घरात कुणाला कळायला हवं होतं तर मला. निदान डॉक्टरांना फोन लावता आला असता. पण तिचं ऐकून मला बरंच वाटलं, हे आज कबूल करते. चिघळली असती तर दोष माझ्या माथी आला असता. मी बूच लावलं, बाटली पिशवीत ठेवली आणि भातात चमचाभर दूध, साखर, मीठ घालून तो हालवला. पंख्यानं वारासुद्धा घातला. त्या नाटकाची आता लाज वाटते.

आठ तुकडे कापून ताटलीत लावले. छान दिसत होते. ताईनं एक उचलला, उजव्या बाजूनं तोंडात सरकवला आणि डोळे मिटले. ती चावत नव्हती, थांबली होती. आंबट यायची वाट बघत होती. बराच वेळ तशीच राहिली, मग तिनं तो हळूहळू चावला, गिळला आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आंबट नाई लागून राहिलं," ती म्हणाली.

दारात सून उभी होती. खरं सांगायला तो एक क्षण होता. बाटली आतल्या खोलीत होती, भात उरला होता, पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हणाले, "टाकलं आहे वं ताई. तुह्या जिभेले समजत नसन आता."

असं मी म्हणाले. कुणी म्हणायला लावलं नाही.

तिनं ताटली मांडीवर घेतली. "मंग गेलीच म्हनायची," एवढंच बोलली. नंतर तिनं उरलेले तुकडे एकेक करून संपवले, सातही. तिला ते गिळताना किती त्रास होत होता ते आम्हा दोघींना दिसत होतं. ठेव म्हटलं तर नाही म्हणाली, तू इतक्या दुरून शिकून आली. ताटली रिकामी करून तिनं माझ्या हातात दिली.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर राउंडला आले. मी विचारलं, कशासाठी विचारलं देव जाणे, की पेशंटनं दोन दिवसांपूर्वी आंबट खाल्लं असतं तर चाललं असतं का. ते फायलीवर सही करत होते. "थोडं झोंबलं असतं," ते म्हणाले. "बाकी काय होणार? जे आवडतं ते खाऊ घाला म्हणून मी सांगितलं होतं तुमच्या लोकांना." सून खिडकीबाहेर बघायला लागली. स्ट्रेचर आलं. ताईनं माझा हात दाबला आणि आत गेली. मी त्या दाराबाहेर सहा तास बसून होते आणि सहाही तास एकच विचार करत होते, की सांगायचं कसं. पुढं मीच ठरवलं की सांगायचं नाही. जीभ आधीच मेली होती या समजुतीनं ती आत गेली होती, म्हणजे फार काही गमावलं नाही असं तिला वाटत असेल; तेही काढून घेऊन मी काय मिळवणार होते? मला स्वतःचा बचाव नेहमी असाच सुचतो, दुसऱ्याच्या भल्याचा.

चौथ्या दिवशी तिला उठवून बसवलं. नाकात नळी, गळ्याला भोक, तोंडातून लाळ. बोलता येणार नव्हतं म्हणून मी माझ्या शाळेतली एक पाटी आणि खडूचे तुकडे नेले होते. तिनं चौथीनंतर पाटी हातात धरली नव्हती. पहिल्यांदा तिनं सुनेसाठी काही लिहिलं, घरी जाऊन झोप म्हणून. सून गेली. मग तिनं पाटी पुसली, मांडीवर नीट धरली आणि पुष्कळ वेळ घेऊन, एकेक अक्षर गिरवत लिहिलं. लिहून झाल्यावर माझ्याकडे वळवली.

"काकडी गोड होती."

काकडी कळली होती तर आंबटही कळलं असतं. पहिल्या घासालाच तिला सगळं कळलं होतं, आणि माझ्यासमोर बसून तिनं सातही तुकडे गिळले होते. मी पाटी धरून रडायला लागले. ताईनं ती माझ्या हातातून काढून घेतली, तळहातानं पुसली आणि उशाशी ठेवून दिली.