रांगेच्या मधोमध

आठवीच्या वर्षी मी अप्पांपेक्षा उंच झाले. एके दिवशी दोरीवरचे कपडे काढताना अप्पा शेजारी उभे होते आणि मला त्यांच्या डोक्यावरचं टक्कल वरून दिसलं. ते माझ्याकडे बघून हसले. अव्वा, म्हणजे माझी आई, मात्र हसली नाही.

अप्पा मूळचे मैंदर्गीचे. तिथं आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, ती काका बघतात. अप्पा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होते आणि आम्ही जवळच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. अव्वा बरीचशी कानडीत बोलायची, अप्पा कारखान्यात राहून मराठीवर आलेले. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन ओरडायला लागायचं. त्यामुळं आमच्या घरात मोठ्यानं बोलणं म्हणजे भांडण नसे.

रस्त्यावर मात्र माझ्याशी सगळेच मोठ्यानं बोलत. "वर पाऊस पडतोय का गं?" हे मी इतक्या वेळा ऐकलं की उत्तर देणं सोडून दिलं. शाळेच्या प्रार्थनेला मी रांगेत शेवटी. फोटोत मागच्या ओळीत कडेला. मैत्रिणी बोलायच्या त्या माझ्या खांद्याखाली, आपापसांत. मला वाकून ऐकावं लागायचं. हळूहळू मी वाकणं बंद केलं आणि त्यांनी हाक मारणं.

खेळाच्या बाईंनी मला एकदा जिन्यात अडवलं.

"उद्यापासून शाळा सुटल्यावर कोर्टवर यायचं."

"मला खेळता येत नाही बाई."

"खेळ म्हणाले का मी? नुसती ये. उडीसुद्धा मारू नकोस. रिंगखाली हात वर करून उभी राहा."

शाळेचं बास्केटबॉलचं कोर्ट सिमेंटचं होतं, रिंगला जाळी नव्हती. मी हात वर करून उभी राहिले. मुली बॉल मारत आणि तो माझ्या हातावर आपटून परत जाई. चौथ्या-पाचव्या वेळी एक मुलगी चिडून म्हणाली, "बाई, हिला आमच्याकडं द्या की!" मला कुणीतरी आपल्या बाजूला मागितलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी चालत नाही, पळत गेले.

पुढचं भराभर झालं. जिल्हा, विभाग, मग राज्याचा संघ. दहावीनंतर दक्षिणेतल्या एका क्रीडा वसतिगृहात माझी निवड झाली. अव्वाची बहीण घरी येऊन म्हणाली, "एवढ्या उंचीचा नवरा कुटनं आणणार? आनि वर हाफ चड्डी." अव्वानं अप्पांच्या कानाशी जाऊन ते सगळं ओरडून सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. हितं तरी कोण बोलतंय तिच्यासंगं?" अप्पांच्या कधी लक्षात आलं होतं हे, मला माहीत नाही.

वसतिगृहात पाच वर्षं काढली. पुढं खेळाडूंच्या कोट्यातून मोठ्या शहरातल्या एका कार्यालयात नोकरी लागली. सकाळी सराव, दुपारी टेबलावर बसायचं. आमच्या एका प्रशिक्षकांनी माझ्या सामन्यांचे व्हिडिओ परदेशात पाठवले होते. पूर्व युरोपातल्या एका लहान गावाच्या क्लबला उंच खेळाडू हवी होती. आठ महिन्यांचा करार झाला. कार्यालयानं रजा दिली. माझा बायोडेटा वाचून तिथल्या व्यवस्थापकानं पहिल्यांदा फोनवर विचारलं ते माझं गाव कुठं आहे म्हणून. मी सोलापूर सांगितलं, मग मुंबई सांगितलं, मग तो "हो हो" म्हणाला.

पहिल्या सरावाला प्रशिक्षकांनी आम्हाला उंचीप्रमाणं उभं केलं. मी सवयीनं टोकाला गेले. त्यांनी मला खांद्याला धरून आत ढकललं. माझ्यापेक्षा उंच चौघीजणी होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी रांगेच्या मधोमध उभी होते आणि डावीउजवीकडं माणसांचे खांदे होते. गावातही तसंच. दुकानात, पुलावर, बसमध्ये, कुठंच कुणी मान वळवून माझ्याकडं बघितलं नाही. पहिले काही दिवस मला त्याचं इतकं बरं वाटलं. मग एका दुपारी बाजारातून येताना वाटलं, मी आज इथं मधेच नाहीशी झाले तर कुणाच्या लक्षात येणार आहे? सोलापुरात निदान पानवाल्यानं सांगितलं असतं, ती उंच पोरगी या बाजूला गेली म्हणून.

संघातल्या बाकीच्या मुली तिथल्याच. एक शाळेत शिकवायची, एक औषधाच्या दुकानात होती, दोघींना लहान मुलं होती. सराव संपला की ओले केस टोपीत कोंबून सगळ्या घरी. नुसतं खेळायला आलेली मी एकटीच. प्रशिक्षक टाइमआउटला त्यांच्या भाषेत बोलत. शाळेत शिकवणारी ती मुलगी मला त्यातलं अर्धं इंग्रजीत सांगे, तोवर शिट्टी वाजे. मी प्रशिक्षकांच्या हातातल्या फळ्याकडं बघायची. त्यावरचा एक गोल म्हणजे मी, एवढं कळायचं.

हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं. सरावाला सुट्टी असली की दिवसभर माझा आवाज माझ्याच कानावर पडत नसे. म्हणून मी मराठीत बोलायला लागले. "चला, आता भात लावू." "ही खिडकी कुणी उघडी ठेवली?" असं. अव्वाचा फोन यायचा. "ऊटा आतेनु?" जेवलीस का, हा तिचा पहिला प्रश्न आणि बऱ्याचदा शेवटचाही. अप्पा फोन तोंडाजवळ धरत. मला नुसतं त्यांचं कपाळ दिसायचं. त्यांना माझं ऐकू यायचं नाही, पण ते फोन सोडायचे नाहीत.

क्लबचे सामने इंटरनेटवर दिसतात हे शेजारच्या काकूंना कळलं आणि एका रविवारी त्यांनी मोबाइलवर सामना लावून दिला. तिथं दुपार होती, सोलापुरात संध्याकाळ. आमच्या दारात गल्ली जमली होती म्हणे. अव्वानं चहा केला. त्या सामन्यात मी एक मिनिटही कोर्टवर उतरले नाही. त्यांना हवी होती तेवढी चपळ मी नव्हते. कॅमेरा मधूनमधून बाकाकडं वळायचा.

दुसऱ्या दिवशी फोन आला. अव्वा म्हणाली, "लई चांगलं दिसलं गं." अप्पांनी फोन ओढून घेतला.

"पोरी, तू का बसलीवतीस? पाय दुखतोय का?"

"न्हाय अप्पा!"

"आं?"

"पाय बरा हाय!"

"मग बसवलं का तुला?"

मी ओरडत राहिले. आपल्या गल्लीत ओरडावं तसं, त्या बंद खिडक्यांच्या खोलीत. "अजून शिकतीय अप्पा! शिकतीय मी!" त्यांना काय ऐकू गेलं कुणास ठाऊक; ते "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई होत्या, घरातल्या सपाता तशाच पायांत. कुणी मला मारतंय असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आधी माझ्या मागं खोलीत बघितलं. मी फोन दाखवला, कानाला हात लावला, "पापा" म्हणाले. त्यांना कळलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, काहीतरी म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. नंतर मी दार लावून रडले. त्या गावात हस्तांदोलन आणि खेळातली धक्काबुक्की सोडली, तर मला कुणी हात लावला नव्हता.

मग मी सरावाआधी तासभर जायला लागले. रिंगखाली माझ्यापेक्षा उंच होत्याच, तेव्हा मी लांबून बॉल मारायला शिकले. शाळेत कुणी मला रिंगपासून लांब जाऊच दिलं नव्हतं. बर्फ वितळायच्या सुमारास प्रशिक्षकांनी मला सुरुवातीच्या पाचात घेतलं. एका सामन्यात शेवटचे दोन्ही बास्केट माझे होते आणि आम्ही जिंकलो. सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. मग कुणाचा नवरा न्यायला आला, कुणाची आई. मी बॅग घेऊन पुलावरून चालत निघाले. घरी फोन लावला, तर मोबाइल बंद; सोलापुरात वीज गेली होती, हे नंतर कळलं. म्हाताऱ्या बाई जिन्यात भेटल्या. मी दोन बोटं वर करून बॉल टाकायची खूण केली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, खरं तर त्यांना काही समजलं नसावं.

क्लबनं करार वाढवला. मेमध्ये मी सोलापूरला आले. वर्गातल्या मुलींची लग्नं होऊन गेली होती. एक टेंभुर्णीला दिलेली, तिला फोन केला तर ती म्हणाली, "ये की गं कधीतरी," आणि मागं पोर रडत होतं म्हणून ठेवला. एका सकाळी मी खेळाच्या बाईंच्या घरी गेले. त्या निवृत्त झाल्या आहेत. खेळाचं सगळं विचारून झालं, मग त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवत विचारलं, "एकटं वाटतं का?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"हो बाई."

"मग परत ये."

"इथं येऊन काय करू?"

बाईंनी माझा पेला पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही बाळा. मी तुला खेळायला बोलावलं, पुढचं मला तरी कुठं माहीत होतं?" मला त्यांचा राग आला नाही. उलट कुणीतरी खरं बोलल्यासारखं वाटलं.

आता दुसरा हंगाम चालू आहे. त्यांची भाषा थोडी येते. पाव, दूध, उद्या, दुखतंय, माझा बॉल. अप्पांना कानाचं यंत्र आणलं आहे, पण ते काढून ठेवतात, फार आवाज होतो म्हणतात. गुडघा सकाळी कुरकुरतो. आज रविवार, सराव नाही. बाहेर बारीक बर्फ पडतंय. सकाळपासून मी कुणाशी बोललेले नाही. आता उठून भात लावते.