नकली म्हणून बरणीला बसवलेली रिंग

किंक्रांत, १९४७. संगमनेरजवळचं आमचं गुऱ्हाळ. हजर: थोरले काका, काकू, इंजिनचा मिस्त्री आणि मी. ऊस तोडून पडलेला, चरक फिरवणारं इंजिन उघडलेलं. तोडलेला ऊस पडून राहिला की आंबतो आणि त्याचा गूळ धरत नाही. काकांची वर्षाची मदार त्या ढिगावर होती.

सिलिंडरच्या तळाशी रबराची एक रिंग असते. इंजिन गार ठेवणारं बाहेरचं पाणी आतल्या तेलात उतरू नये म्हणून. जुनी फाटली होती. मी नगरहून लष्कराच्या लिलावातल्या मालातून कारखान्यात बनवलेल्या रबराची रिंग आणली होती. तापलेल्या तेलातही टिकते, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. पण आमच्याकडे सगळी पारख अंगठ्यात. पहाटेच्या गारठ्यात काका आणि मिस्त्री दोघांनी ती दाबून पाहिली.

"दबतच न्हाई, मालक," मिस्त्री म्हणाला. "अस्सल रबर कसं, लोण्यावानी. ह्ये तर मेल्यालं कातडं हाय."

"वनस्पती तुपाचं भावंड!" काका माझ्याकडे बघत म्हणाले. "शेरात गेलं की तुला नकलीच बरं घावतं."

थंडीत कडक, म्हणून तापल्यावरही वाईट! या न्यायाने भाकरीची परीक्षा पीठ चाखून करावी. मिस्त्रीने पेटीतली झाडाच्या रबराची मऊ रिंग काढली, मायेने तेल चोळलं आणि बसवली. माझी रिंग काकूने लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली घातली.

दुपारी इंजिन खोकू लागलं. उघडलं तर तेलाचं ताक झालेलं आणि अस्सल रबर भिजल्या पोह्यासारखं फुगलेलं.

"किंक्रांतीला काम काढलं, दुसरं काय हुनार?" मिस्त्री म्हणाला. दोष दिवसाचा, अंगठा निर्दोष.

काका बरणीकडे गेले. काकू आडवी आली.

"न्हाई देनार. पयल्यांदाच तेल पाझरायचं थांबलंय."

"आगं, ऊस आंबंल!"

"मग सकाळी नाक का मुरडलंत?"

"ह्यो दुसरी आनून देईल," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

रिंग बसली. इंजिन हात लावू देईना इतकं तापलं, तरी ती ढिम्म. ऊस वेळेत गाळून झाला, गूळ धरला. काका गावभर सांगत सुटले, की मिस्त्रीच्या हाताला गुण आहे.

काकूची बरणी पुन्हा पाझरते आहे. दुसरी रिंग आणायचं काम माझ्या नावावर आहे. अजून झालेलं नाही.