आमच्याच नावाची नोटीस

"इथे जोहड नव्हताच. पावसाचं पाणी साचणारा खड्डा होता," असं म्हणून समोरच्या वकिलाने आमचे सगळे फोटो बाजूला सारले.

जोहड म्हणजे इकडच्या जुन्या गावांचं तळं. दिल्लीच्या द्वारकेत सोसायट्या उभ्या राहिल्या, गाव मधे चेपलं गेलं, तळं कसंबसं उरलं. ते राखायला तिथल्या मराठी मंडळींनी एक गट काढला. आता एका सरकारी खात्याला तिथे पार्किंग हवं होतं. गटाची केस आमच्या ऑफिसकडे आली. मी तिथली सगळ्यात ज्युनियर वकील.

न्यायाधीश म्हणाले, पुढच्या तारखेला जोहड असल्याचा सरकारी कागद आणा, नाहीतर स्टे उठेल. स्टे म्हणजे तात्पुरती मनाई. तो उठला की डंपर येणार आणि तळं बुजणार.

रेकॉर्डमध्ये त्या जागेपुढे नुसतं 'रिकामी जमीन' लिहिलेलं. बगळ्यांना दिसतं ते सरकारला दिसत नाही, कारण बगळ्यांकडे शिक्का नसतो. हे मी ऑफिसात जरा मोठ्याने बोलले.

"पोस्टर बाद में छापना, बेटा," आमचे सिनियर, सर म्हणाले. "पहले कागज़ लाओ."

गटाच्या सेक्रेटरी वैद्यकाकू म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरी जाऊन फाइल उघडली. शिक्षिकेची सवय, प्रत्येक पानावर लाल शाईत नंबर. पहिल्याच पानावर नंबर होता पाच.

"काकू, आधीची चार पानं?"

"गेली असतील गं कुठेतरी. घर बदललं ना मधे."

सोफ्यावर गटाचे अध्यक्ष मुजावरकाका बसले होते. मूळचे मिरजेचे, एअरपोर्टवरून रिटायर झालेले इंजिनियर. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वैद्यबाई, सांगून टाका आता. डॉक्टर आणि वकिलापासून लपवून आजार वाढतो."

काकू आत गेल्या. देवघराच्या खणातून एक पाकीट आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आत नोटीस होती. गट निघण्याआधी याच मंडळींचं गणेशोत्सव मंडळ होतं. एका वर्षी त्यांनी प्लास्टरची मोठी मूर्ती त्या तळ्यात विसर्जित केली. आठवड्यात मासे मरून वर आले. खात्याने मंडळाला कळवलं होतं, की तुम्ही जोहडाचं पाणी दूषित केलं आहे. बाकीच्या तीन पानांवर मंडळाचा माफीनामा.

"मूर्तीची डावी बाजू मीच धरली होती," मुजावरकाका म्हणाले. "मग लाज वाटली. दोन दिवस पाण्यात उतरून मासे वेचले. गट तिथून सुरू झाला."

गटाच्या स्मरणिकेत मात्र छापलं होतं, 'परिसरातील निसर्गप्रेमी एकत्र आले.' तेच वाक्य मी विश्वासाने याचिकेत घातलं होतं.

"काकू, हे खोटं मी कोर्टात लिहून दिलंय."

"खोटं नाही गं. अर्धं."

"अर्ध्यावर तर सगळे बिल्डर जगतात, काकू."

मी आणखी बोलले असते. पण नोटिशीत खसरा नंबर दिसला. खसरा म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा सरकारी नंबर. तो आमच्याच तळ्याचा होता. शिक्का, आज पार्किंग बांधायला निघालेल्या त्याच खात्याचा.

हा कागद लावायचा तर अशिलाची परवानगी हवी. काकू घाबरल्या होत्या. "ते म्हणतील, तळं यांनीच मारलं. शाळेतल्या पोरांना मी पाणी जपा म्हणून शिकवलंय."

"नाही लावला तर तळं जाईल," मी म्हटलं. "ठरवायचं तुम्ही."

काकूंनी नोटीस उचलून पुन्हा एकदा वाचली.

"मासे मीही वेचलेत," काकू शेवटी म्हणाल्या. "लाव."

सोबत मी याचिकेतलं ते वाक्य दुरुस्त करायचा अर्जही लावला.

तारखेला समोरचे वकील खुशीत उठले. "हे बघा पर्यावरणाचे रक्षक. यांनीच पाणी दूषित केलं. आमच्या खात्याने यांना पकडलं होतं."

"कुठलं पाणी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"जोहडाचं," ते म्हणाले, आणि थांबले.

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. आमचे सर जागेवरून उठलेच नाहीत. एरवी ते हजेरी द्यायलाही दोन मिनिटं घेतात.

पार्किंग रद्द झालं. ती जागा रेकॉर्डमध्ये जोहड म्हणून नोंदवण्याचा आदेश निघाला. बाहेर बाकावर बसून काकूंनी चपला काढल्या, पाय लांब केले. मुजावरकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"किती वर्षं ते पाकीट देवाच्या खाली ठेवलं होतं," काकू म्हणाल्या. "आज खण रिकामा. बरं वाटतंय."

विसर्जन आता सोसायटीच्या गेटजवळ ड्रममध्ये होतं. नव्या स्मरणिकेत पान एकवर नोटीस छापली आहे, शिक्क्यासकट.

हल्ली एखादी संस्था केस घेऊन आली आणि आपला उज्ज्वल इतिहास सांगू लागली, की मी आधी विचारते, तुमच्यावर पहिली नोटीस कधी आली? आली नाही म्हणाले, तर घरी जाऊन देवघराचा खण बघायला सांगते.